प्राचीन ग्रीकांचा पाऊस, इंद्रधनुष्य आणि मीठ घरी करून कसं समजून घ्यायचं

ग्रीक तत्त्वज्ञांबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या दोन पानांतच थेलीस म्हणाला सगळं पाणी, अ‍ॅनॅक्झिमिनीस म्हणाला सगळी हवा, एम्पेडोक्लीस म्हणाला चार मूलतत्त्वं, अशी यादी येते आणि आपण ती परीक्षेला पाठ केल्यासारखी वाचून पुस्तक मिटतो. मी कित्येक वर्षं असंच वाचलं. मग हळूहळू लक्षात आलं की यातल्या जवळजवळ प्रत्येकाने पाऊस, वीज, समुद्राचा खारटपणा समजावताना हाताशी असलेली एखादी साधी गोष्ट पकडलेली असते, कुणी स्वतःचा श्वास, कुणी पाणी काढायचं भांडं, कुणी होडीचं वल्हं, कुणी मिठाच्या पाण्यातलं अंडं. ती गोष्ट सापडली आणि आपण स्वतः करून बघितली की त्या माणसाला असं का वाटलं असेल ते एकदम हातात येतं.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी ती घरगुती गोष्ट शोधा. मग ती करा. मग ती कुठे मोडते ते शोधा. आणि शेवटी बघा की ती मोडते हे त्या काळातच दुसऱ्या कुणा ग्रीकाने पकडलं होतं का, कारण बऱ्याचदा पकडलेलं असतं आणि खरी मजा तिथेच आहे.

सामान फार लागत नाही. दोन काचेचे ग्लास, मीठ, एक ताजं अंडं, प्लास्टिकची पाण्याची बाटली, सुई, स्प्रेची बाटली, मेणबत्ती, थोडं तूप, ऑलिव्ह ऑइल असलं तर उत्तम, चिमूटभर ओली माती आणि मातीच्या पणतीचा किंवा कौलाचा तुकडा. एक वही पण ठेवा.

सुरुवात श्वासापासून करा. तोंड मोठं उघडून तळहातावर हाऽ करून श्वास सोडा, ऊब लागते. आता ओठांचा चंबू करून त्याच तळहातावर फू करा, गार लागतं. थंडीत आपण हात गरम करतो आणि चहा गार करतो तो एकाच तोंडाने. अ‍ॅनॅक्झिमिनीस मिलेटसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, इ.स.पू. ६ व्या शतकातला. त्याने यावरून सांगितलं की हवा दाबली गेली की थंड होते आणि सैल झाली की गरम. मग याच एका गोष्टीवर त्याने सगळं जग उभं केलं, हवा विरळ झाली की आग, दाटली की वारा, अजून दाटली की ढग, मग पाणी, मग माती, मग दगड. नुसतं वाचलं की हे विचित्र वाटतं पण श्वास सोडून झाल्यावर वाचा, एकच पदार्थ कमीजास्त दाटपणाने वेगवेगळे गुण दाखवतो ही केवढी मोठी कल्पना आहे ते कळेल.

आता मोडून बघा. तोच चंबू करून तळहात ओठांच्या अगदी जवळ आणा, एक-दोन सेंटिमीटरवर, आणि फुंका. ऊब लागेल. म्हणजे श्वास गार झालेलाच नव्हता, हात लांब असताना जोराची फुंकर आजूबाजूची गार हवा सोबत ओढून नेते आणि कातडीवरचा ओलावा पण उडवते म्हणून गार वाटतं. यातला पहिला भाग अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ४ थं शतक) जवळपास असाच सांगितला होता, की तोंड उघडं असताना आपली आतली ऊब बाहेर येते आणि चंबू केल्यावर तोंडापुढची गार हवा ढकलली जाऊन आपल्याला लागते. सायकलचा पंप असेल तर भराभर हवा मारून पंपाचा खालचा भाग चाचपून बघा, गरम लागेल, दाबलेली हवा तापते, अ‍ॅनॅक्झिमिनीसच्या अगदी उलट.

इथे एक सवय लावून घ्या. ही श्वासाची गोष्ट आपल्याला अ‍ॅनॅक्झिमिनीसच्या पुस्तकातून मिळालेली नाही, ते पुस्तक उरलेलंच नाही, ती मिळते प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडून, जो त्याच्यानंतर सहाशेच्या वर वर्षांनी होऊन गेला. अ‍ॅरिस्टॉटलच्या आधीच्या बहुतेक सगळ्यांचं असंच आहे, नंतरच्या लोकांनी उतरवून ठेवलेले तुकडे आणि सारांश. त्यामुळे काही वाचलं की वहीत दोन नावं लिहा, कोण म्हणाला आणि आपल्याला कोण सांगतंय. सांगणारा विरोधक असेल तर अजून जपून.

दुसरं भांड्याचं. एम्पेडोक्लीस सिसिलीतल्या अ‍ॅक्रागासचा, इ.स.पू. ५ वं शतक, तो कविता लिहायचा. त्याच्या एका तुकड्यात एक मुलगी चकचकीत काशाच्या क्लेप्सिड्राशी खेळतेय. हे म्हणजे वर अरुंद तोंड आणि तळाला बारीक भोकं असलेलं भांडं, मोठ्या भांड्यातून पाणी किंवा वाइन उचलून घ्यायला वापरायचे. नंतर हेच नाव पाण्याच्या घड्याळाला पण मिळालं, पण इथे आपलं लग्नातलं घटिकापात्र डोळ्यासमोर आणू नका, वेगळी वस्तू आहे.

प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला सुई गरम करून आठ-दहा भोकं पाडा (मुलं असतील तर हे काम मोठ्यांनी करा). झाकण घट्ट लावून बाटली बादलीत सरळ खाली दाबा. पाणी आत येत नाही, आलंच तर थोडंसं. झाकण सैल करा, हवा सूं करत बाहेर आणि पाणी आत. आता पाण्यातच झाकण पुन्हा घट्ट करून बाटली वर उचला, भोकं असूनही पाणी पडत नाही. झाकण सैल केलं की शॉवर. त्या मुलीने झाकणाच्या जागी हात धरला होता एवढाच फरक. दहा मिनिटं नुसते खेळत रहा, कारण रिकामं दिसतंय तिथे पण हवा नावाचा पदार्थ आहे आणि तो जागा अडवतो हे डोळ्यांनी दिसणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. एम्पेडोक्लीसने याचा उपयोग श्वासोच्छ्वास समजावायला केला, अंगातलं रक्त आत सरकलं की हवा आत येते, परत आलं की हवा बाहेर. ते चुकलं. पण उपमा किती नीट लावलीये बघा. पाणी वर का टिकतं याचं हवेच्या दाबाचं उत्तर टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या काळात, म्हणजे १६४० च्या दशकात आलं.

याच एम्पेडोक्लीसने आग, हवा, पाणी, माती अशी चार मुळं सांगितली आणि चित्रकार थोडेच रंग मिसळून झाडं, माणसं, पक्षी सगळं रंगवतो तशी या चारांच्या मिश्रणातून दुनिया होते असं म्हटलं. अ‍ॅरिस्टॉटलने ती चार उचलली आणि त्यांना गुणांच्या जोड्या लावल्या, आग गरम-कोरडी, हवा गरम-ओली, पाणी थंड-ओलं, माती थंड-कोरडी. हे पाठ करू नका, वहीत चौकोन काढा, चार बाजूंना चार गुण आणि चार कोपऱ्यांना चार तत्त्वं, मग शेजारच्या कोपऱ्यात जायला एकच गुण बदलावा लागतो हे आपोआप दिसतं. पाण्यातली थंडी काढून ऊब दिली की हवा, म्हणजे आपली वाफ. पातेल्यात पाणी उकळताना हा चौकोन समोर ठेवून बघा.

आता मुख्य पुस्तक. अ‍ॅरिस्टॉटलचं मेटिऑरोलॉजिका, चार भाग आहेत. नावावरून फक्त हवामान वाटतं पण त्यात धूमकेतू, आकाशगंगा, नद्या, समुद्र, भूकंप सगळं येतं, आणि चौथा भाग तर पदार्थांच्या गुणांवरच आहे. वाचायची किल्ली एकच, ऊन जमिनीवर पडलं की दोन प्रकारचे उच्छ्वास वर येतात, एक ओला, वाफेसारखा, आणि एक कोरडा, धुरासारखा. ओल्यातून पाऊस, दव, बर्फ, गारा. कोरड्यातून वारा, गडगडाट, वीज, भूकंप, उल्का आणि धूमकेतू सुद्धा. वाचताना मार्जिनमध्ये प्रत्येक गोष्टीसमोर पेन्सिलीने ओ किंवा को लिहीत जा. पुस्तक एकदम सोपं होतं, खरंच.

समुद्राचा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा जास्त वेळ द्या. काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या, ताजं अंडं सोडा, बुडतं. ते काढून त्याच पाण्यात मीठ घालत जा आणि ढवळत जा, साधारण पाव लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे गेले की अंडं तरंगतं. (शिळं अंडं साध्या पाण्यातही वर येतं म्हणून ताजंच घ्या, आणि घरात अंडं चालत नसेल तर बटाट्याची जाड चकती घ्या.) हा प्रयोग अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलेला आहे, की पाणी खूप खारट केलं तर भरलेली अंडी तरंगतात, आणि त्याच्या जोडीला तो म्हणतो की तेवढाच माल भरलेलं जहाज समुद्रात नीट चालतं आणि नदीत शिरलं की बुडायला येतं. पॅलेस्टाइनमधल्या एका सरोवराचं ऐकीव वर्णन पण देतो, माणूस बांधून टाकला तरी बुडत नाही असं, म्हणजे आपला मृत समुद्र. एक गोष्ट अजून करा, १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला, खऱ्या समुद्रात साधारण एवढंच असतं, आणि त्यात तेच अंडं सोडा. बुडेल. मग तो खूप खारट का म्हणतो ते कळतं.

लगेच दुसरं, मिठाचं पाणी पातेल्यात उकळा आणि वर झाकण धरा, झाकणावरचे थेंब गार झाल्यावर चाखा. गोडं पाणी. समुद्राची वाफ गोडी होते आणि परत पाणी झाली तरी समुद्राचं पाणी होत नाही हे तो अनुभवाने सांगतो असं स्वतः लिहितो. यावरून त्याला कळलं की पावसाचं पाणी समुद्रातून वर जाऊनही खारट का नसतं. पण त्याच पानांच्या आसपास तो असंही लिहितो की मेणाचं बंद भांडं समुद्रात सोडलं तर मेणाच्या भिंतीतून झिरपून आत गोडं पाणी जमतं. मेणातून पाणी तसं झिरपत नाही. एकाच माणसाच्या एकाच प्रकरणात केलेली गोष्ट आणि न केलेली गोष्ट शेजारी शेजारी, हे दिसायला लागलं की तुम्ही ग्रीक नीट वाचायला लागलात असं समजा. समुद्र म्हणजे पृथ्वीचा घाम असं एम्पेडोक्लीस म्हणाला होता, त्यावर अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की कवितेत हे चालेल, निसर्ग समजायला पुरत नाही. मला मात्र घामाची उपमा वाईट वाटत नाही, चाखून काढलेली आहे ती.

चौथ्या भागासाठी ओट्यावर एक रांग लावा. बर्फ, तूप, मेण एकीकडे, मीठ आणि मातीचा वाळलेला गोळा दुसरीकडे. अ‍ॅरिस्टॉटलचा नियम असा की थंडीने गोठलेलं ते उष्णतेने सुटतं, आणि उष्णतेने वाळून घट्ट झालेलं ते पाण्याने सुटतं. तूप गरम करा, वितळलं. मीठ आणि मातीचा गोळा पाण्यात टाका, विरघळलं आणि विस्कटलं. नियम बरोबर चालतो. आता पणतीचा तुकडा पाण्यात टाका. उष्णतेनेच घट्ट झालाय ना, मग सुटला पाहिजे, पण ढिम्म हलत नाही. हे त्यालाही माहीत होतं, मातीचं भांडं पाण्याने सुटत नाही हा अपवाद तो स्वतः नोंदवतो. आज आपण म्हणू की भट्टीत माती नुसती वाळत नाही, तिचं रूपच बदलतं आणि कण एकमेकांना चिकटून जातात. ऑलिव्ह ऑइल फ्रीजमध्ये ठेवून बघा, गढूळ आणि घट्ट होतं, तेलाने अ‍ॅरिस्टॉटलला फार छळलं, पाणी म्हणावं तर तसं वागत नाही आणि माती म्हणावं तर तरंगतं, शेवटी त्यात हवा भरपूर आहे असं त्याने ठरवलं.

गारांचं प्रकरण वाचायला घेताना एप्रिल-मे निवडा. आपल्याकडे गारपीट ऐन उकाड्यात होते, द्राक्षं आणि कांदा झोपतो, आणि प्रत्येकाला वाटतं की एवढ्या उन्हात बर्फ आलं कुठून. ग्रीकांना हाच प्रश्न होता. अ‍ॅनॅक्सागोरस नावाचा त्याच्या आधीचा एक तत्त्वज्ञ म्हणाला की गरमीमुळे ढग वर, जिथे फार थंडी असते तिथपर्यंत ढकलला जातो आणि तिथे पाणी गोठतं. अ‍ॅरिस्टॉटलने हे खोडलं. त्याचं म्हणणं मोठ्या गारा वेड्यावाकड्या असतात, फार उंचावरून आल्या असत्या तर येताना झिजून गोल आणि लहान झाल्या असत्या, म्हणून त्या जमिनीजवळच बनतात, भोवतालची उष्णता थंडीला आत कोंडते आणि पाणी झटकन गोठतं. युक्तिवाद सुंदर, उत्तर चूक, आणि आधीचा अ‍ॅनॅक्सागोरस बरोबर. पुढच्या वेळी मोठी गार मिळाली तर लगेच सुरीने मधोमध कापा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, ढगात वर राहून थर चढत गेल्याची खूण. हा पुरावा अ‍ॅरिस्टॉटलच्या अंगणातही पडत होता याचं मला फार वाटतं.

इंद्रधनुष्यासाठी सकाळी किंवा संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून गडद भिंतीसमोर स्प्रे मारा. वल्ह्यांनी उडालेल्या तुषारांत आणि ऊन येणाऱ्या खोलीत बारीक पाणी शिंपडल्यावर असे रंग दिसतात हे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. त्याच्या मते प्रत्येक थेंब हा इतका छोटा आरसा आहे की त्यात आकार मावत नाही, फक्त रंग मावतो. थेंबाच्या आत किरण वळतो हे त्याला माहीत नव्हतं, ते कळायला चौदावं शतक यावं लागलं. भर दुपारी उन्हाळ्यात पण मारून बघा, जमिनीवरून समोर काही दिसत नाही, तोही लिहितो की उन्हाळ्यात दुपारी इंद्रधनुष्य होत नाही.

विजेचं समजायला क्रिकेट चालू असताना (वादळात नाही) मोठ्या मैदानाच्या टोकाला उभे रहा. लांबचा बॅट्समन फटका मारताना आधी दिसतो, आवाज मागून येतो, १७० मीटरला साधारण अर्धा सेकंद. अ‍ॅरिस्टॉटलने हेच वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या जहाजावरून सांगितलं, आवाज येतो तोवर वल्ही परत मागे गेलेली असतात. फक्त यावरून तो म्हणाला की गडगडाट आधी होतो आणि वीज नंतर, आपल्याला उलटं दिसतं. नजर आवाजाच्या पुढे धावते इथपर्यंत बरोबर, क्रम चुकला.

भूकंपाला घरी करण्यासारखं काही नाही. थेलीस म्हणे पृथ्वी पाण्यावर लाकडासारखी तरंगते आणि डोलते. अ‍ॅनॅक्झिमिनीस म्हणे दुष्काळात आणि अतिवृष्टीत जमीन फुटून ढासळते. अ‍ॅरिस्टॉटल म्हणे कोंडलेला वारा, जशी अंगात शिरशिरी येते तशी. तो लहान असताना, इ.स.पू. ३७३ मध्ये, ग्रीसमधलं हेलिके नावाचं शहर भूकंपाने एका रात्रीत समुद्रात गेलं होतं, तेव्हा हा प्रश्न त्याला पुस्तकी नव्हता.

घरात देवघरात शाळिग्राम असेल तर झेनोफनीस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञासाठी तो हातात घ्या. गंडकी नदीतले बरेच शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री जिवाचे दगड झालेले अवशेष, आणि ते सापडतात हिमालयात. झेनोफनीसने ऐकलं-बघितलं होतं की डोंगरात शिंपले मिळतात, सिसिलीतल्या सिराक्यूजच्या खाणीत माशांचे ठसे, माल्टात समुद्री वस्तूंचे थर, आणि त्याने सरळ म्हटलं की ही जमीन कधीतरी चिखल होती, समुद्राखाली होती. सह्याद्रीच्या काळ्या कातळात असे समुद्री शिंपले सहसा दिसत नाहीत, तो लाव्ह्याचा दगड आहे.

डेमोक्रिटसचं, म्हणजे सगळं अणूंचं बनलंय म्हणणाऱ्या ग्रीकाचं, एकच करा. एका डब्यात तांदूळ, तेवढ्याच दुसऱ्या डब्यात चुरमुरे, दोन्ही उचला. त्याच्या मते शिसं लोखंडापेक्षा जड कारण त्याचे अणू दाट बसलेत, आणि लोखंड हलकं पण कडक कारण त्यात पोकळ्या आहेत आणि अणू विषम रचलेत, कुठे गच्च कुठे मोकळे. आज आपल्याला माहीत आहे की शिशाचा एकेक अणूच जड असतो. पण जडपणा आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीची कारणं आतल्या रचनेत शोधायची, हे त्याने कसलंही यंत्र नसताना धरलं.

एवढं झाल्यावर एपिक्युरस या नंतरच्या ग्रीक तत्त्वज्ञाचं पायथोक्लीस या शिष्याला लिहिलेलं पत्र वाचा, छोटं आहे. तो म्हणतो की आकाशातल्या गोष्टींना एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात, जे दिसतं त्याच्याशी भांडत नाहीत ती सगळी ठेवावीत, एकालाच चिकटून बसू नये. वहीत प्रत्येक प्रयोगाखाली असंच दोन-तीन कारणं लिहा आणि मग खोडायला लागा.

शेवटचा प्रयोग नोव्हेंबर-डिसेंबरसाठी ठेवा, दवाचा. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो दव स्वच्छ आकाश आणि पडलेला वारा असेल त्या रात्री पडतं, कारण दिवसा वर गेलेली थोडीशी वाफ फार उंच न जाता रात्री थंड होऊन खाली येते. दोन सारखी स्टीलची ताटं घ्या, एक उघड्यावर, एक दाट झाडाखाली, दोन्ही जमिनीपासून सारख्या उंचीवर विटांवर ठेवा. दव वरून पडत असेल तर झाडाखालचं कोरडं का ते समजतं, पण मग उघड्यावरच्या ताटाची खालची बाजू पण हात लावून बघा, आणि तिसरं ताट उघड्यावरच पण वर हातभर उंचीला पुठ्ठा बांधून ठेवा. विल्यम वेल्स या डॉक्टरने १८१४ मध्ये अशाच मांडणीने, लोकरीचे पुंजके वापरून, दाखवलं की दव पडत नाही, उघड्या आकाशाखाली वस्तू स्वतः जास्त गार होते आणि तिच्यावर ते जमतं. सकाळी ऊन ताटाला लागायच्या आत उठा, नाहीतर बघायला काही उरत नाही.